आजाराची नोंद नाही, तर रोगप्रतिकारक पैदास कशी होणार? पशुसंवर्धन विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य;
महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ;
पशुसंवर्धन विभाग, जिल्हा परिषद, ठाणे

विषय: वळू निवडताना त्याच्या मुलींच्या रोगप्रतिकारशक्तीचा विचार करण्याबाबत आणि त्यासाठी आजारांची नोंद कानातील बिल्ल्याच्या क्रमांकावर ठेवण्याबाबत

महोदय,

मी ठाण्यात, कळव्याला राहतो. आमची जनावरे शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूला भावाच्या देखरेखीखाली असतात. त्यांत डांगी गाईबैल आहेत, काही संकरित गाई आहेत आणि घरच्या दुधापुरत्या म्हशी आहेत. असा मिश्र गोठा सांभाळणारे पशुपालक मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात पुष्कळ आहेत आणि या पत्रातला प्रश्न त्या सगळ्यांचा आहे. आपल्या राज्यात रेतनासाठी वळू निवडला जातो तो मुख्यतः त्याच्या आईने आणि मुलींनी किती दूध दिले यावर. त्या मुली किती वेळा आजारी पडल्या, त्यांच्या अंगावर गोचीड किती बसतात, त्यांची वासरे जगली की गेली, हे कोणीही पद्धतशीर लिहून ठेवत नाही. जे लिहिलेच जात नाही त्याची निवड करता येत नाही, आणि ही एक त्रुटी भरून काढल्याखेरीज रोगप्रतिकारक जनावरांच्या पैदाशीबद्दल आपण कितीही बोललो तरी ते बोलणेच राहील, असे माझे मत आहे.

लम्पीची साथ अजून सर्वांच्या स्मरणात आहे. हा रोग सर्वप्रथम 1929 मध्ये आफ्रिकेतील झांबियात नोंदला गेला, भारतात तो 2019 मध्ये ओडिशात दिसला आणि 2022 मध्ये त्याची मोठी साथ गुजरात-राजस्थानातून पसरत महाराष्ट्रात आली. डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड ही त्याची वाहने असल्यामुळे गोठा कितीही बंदिस्त केला तरी तो थांबत नव्हता. जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचण्याची मोहीम राज्यभर चालली, आणि मेलेल्या जनावरांसाठी शासनाने दुभत्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये मदत जाहीर केली. ही कामे विभागाने धावपळ करून केली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्या काळात ज्यांनी गोठ्यात रात्री काढल्या त्या प्रत्येकाने एक गोष्ट पाहिली आहे. एकाच दावणीला, एकच चारा खाणाऱ्या आणि एकाच दिवशी लस घेतलेल्या दोन जनावरांपैकी एकाच्या अंगभर गाठी उठल्या, पाय सुजले, त्याने चारा टाकला. आणि शेजारचे दुसरे चार-दोन गाठींवर निभावले. यातला काही भाग वयाचा, काही पोषणाचा, काही योगायोगाचा असणार. पण काही भाग रक्ताचा असतो, आणि तो किती हे ठरवण्याची संधी त्या साथीने आपल्याला दिली होती.

ती संधी अजून पूर्ण हातची गेलेली नाही. मदतीसाठी जे पंचनामे झाले त्यांत मेलेल्या जनावराचे वर्णन आहे, लसीकरणाच्या याद्यांत त्या गावातील जगलेली जनावरे आहेत, आणि जिथे रेतनाची नोंद बिल्ल्यावर झालेली आहे तिथे त्या जनावराचा बापही सापडू शकतो. मेलेल्यांची यादी एकटी काहीच सांगत नाही. ती जगलेल्यांच्या यादीशेजारी ठेवली तरच कोणत्या वळूच्या मुली जास्त दगावल्या आणि कोणाच्या तगल्या याचा अंदाज येतो. सगळ्या राज्याचे काम एकदम करावे असेही नाही. ज्या तालुक्यात कृत्रिम रेतनाच्या नोंदी बऱ्या आहेत असे दोन-चार तालुके घेऊन, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे हे काम सोपवता येईल. कागद दप्तरात आहेत. ते कसर लागण्याआधी बाहेर काढावेत, एवढीच विनंती.

या विषयात जगात जे सर्वात जुने आणि ठोस काम झाले आहे त्यातले बरेचसे मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांवर झालेले आहे. आपल्या राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीला 2015 पासून बंदी आहे, तेव्हा बीफच्या गुरांचा दाखला इथे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण सरळ आहे. हजारो एकरांवर मोकळी चरणारी गुरे एकेक करून पकडून औषध देणे परवडत नाही, म्हणून तिथल्या पशुपालकांना औषधावाचून तगणारे जनावर निर्माण करणे भाग पडले. शहापूरच्या डोंगरात पावसाळाभर रानात चरणाऱ्या आमच्या कळपाची अवस्था काही वेगळी नाही. डॉक्टर दूर, ओढ्याला पूर, औषध महाग, आणि दूध इतके कमी की प्रत्येक तापाला इंजेक्शन हा हिशेब बसत नाही. दुधाच्या धंद्यातील विज्ञानापेक्षा मांसाच्या धंद्यातील हे विज्ञान आमच्या परिस्थितीला जवळचे आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिथे युरोपातून नेलेली हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्न गुरे गोचिडांनी आणि गोचीडतापाने हैराण होत असत. 1933 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतून ब्राह्मण जातीची काही जनावरे आणली. ही ब्राह्मण जात मुळात आपल्याकडून गेलेल्या गीर, कांक्रेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांपासून तयार झालेली. आपल्याकडे या गोष्टीचा उल्लेख बहुधा अभिमानाने होतो आणि तिथेच थांबतो. खरे कौतुक त्यांनी नंतर जे केले त्याचे आहे. रॉकहॅम्प्टनजवळच्या बेलमाँट संशोधन केंद्रात 1950 च्या दशकापासून त्यांनी गुरांच्या अंगावरचे गोचीड मोजायला सुरुवात केली, एकेका जनावराचे, वर्षानुवर्षे. त्यातून बेलमाँट रेडसारखी जात उभी राहिली. आफ्रिकेतील आफ्रिकँडर जातीशी हेरफर्ड-शॉर्टहॉर्नचा संकर आणि त्यावर उष्णता, गोचीड व वजनवाढ यांसाठी सातत्याने निवड, असे तिचे स्वरूप आहे. पुढे तर शुद्ध हेरफर्ड-शॉर्टहॉर्न रक्तातसुद्धा केवळ निवडीच्या जोरावर गोचिडांना दाद न देणारा कळप त्यांनी तयार करून दाखवला. म्हणजे देशी रक्त मिसळले म्हणूनच प्रतिकारशक्ती आली असे नाही. मोजून निवड केली म्हणून ती पक्की झाली.

मोजण्याची ही रीत इतकी साधी आहे की ती आपल्याकडे का रुजली नाही याचेच आश्चर्य वाटते. जनावराच्या एका बाजूने, कानापासून शेपटीच्या मुळापर्यंत, गळ्याखालची पोळी, मांडीची आतली बाजू आणि कास धरून, रक्त पिऊन साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या झालेल्या माद्या तेवढ्या मोजायच्या आणि त्या आकड्याची दुप्पट करायची. लहान गोचीड सोडून द्यायचे, कारण त्यांतले किती टिकतील हेच जनावराच्या कातडीच्या प्रतिकारावर ठरते. प्रतिकार असलेल्या जनावराच्या अंगावर अळ्या चढतात तितक्याच, पण पूर्ण वाढतात थोड्या. आपल्याकडे गाईला सर्वाधिक त्रास देणारा रिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गोचीड सुमारे तीन आठवडे एकाच जनावराच्या अंगावर काढतो, आणि खाली पडलेली एक मादी दोन ते तीन हजार अंडी घालते. फुगलेल्या प्रत्येक मादीमागे जनावराच्या वजनवाढीत साधारण एक ग्रॅमची घट धरली जाते. अंगावर रोज पन्नास माद्या पोसणाऱ्या वासराचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

यात आणखी एक गोष्ट आहे जी कोणताही गुराखी सांगेल आणि जी संशोधनातही वारंवार दिसली आहे. कळपातल्या थोड्या जनावरांच्या अंगावर बहुतेक गोचीड असतात. आमच्या गोठ्यात एरंडाच्या बीएवढे फुगलेले गोचीड पोळीखाली घोसाने लटकलेली एक संकरित गाय आहे आणि तिच्याच शेजारी बांधलेल्या डांगी गाईच्या अंगावर शोधून शोधून चार मिळतात. पण दुसरी एक डांगी कालवडही अशीच गोचिडांनी भरते, हेही खरे. म्हणजे जातीजातीत फरक आहे तसाच एका जातीच्या आतही फरक आहे, आणि पैदाशीच्या दृष्टीने हा दुसरा फरक जास्त मोलाचा आहे. गोचिडांची संख्या वारशाने उतरण्याचे प्रमाण मध्यम आहे. अनेक अभ्यासांत ते दुधाच्या प्रमाणाच्या आसपासच येते. ज्या गुणाचा वारसा दुधाइतका आहे त्याची निवड दुधाइतक्या गांभीर्याने न करण्याचे शास्त्रीय कारण मला तरी दिसत नाही. त्यातच फवारणीची औषधे दरवर्षी निकामी होत चालली आहेत. डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन यांना न जुमानणारे गोचीड देशात ठिकठिकाणी आढळले आहेत, आणि दुकानदार सांगेल ती मात्रा वाढवत नेण्यापलीकडे पशुपालकाच्या हाती काही उरलेले नाही.

डांगीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती आमच्या भागाची जात आहे आणि तिच्याकडे विभागाचे लक्ष जावे तितके जात नाही. शहापूर, इगतपुरी, अकोले, जव्हार, मोखाडा आणि गुजरातेतील डांग हा तिचा मुलूख; महादेव कोळी, ठाकर, मराठा आणि कानडी पशुपालकांनी ती राखली. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, काळे कठीण खूर, आणि कातडीतून पाझरणारा तेलकट स्राव. पावसाळ्यात तिच्या पाठीवरून हात फिरवला तर तळव्याला तेल लागल्यासारखे वाटते आणि पावसाचे पाणी कातडीवर न मुरता ओघळून जाते. सतत ओल्या राहणाऱ्या जनावरात खूर कुजणे, कातडीचे विकार आणि वासरांची फुफ्फुसे भरणे हे नेहमीचे आजार. त्या आजारांच्या माऱ्यात ही जात शतकानुशतके गाळली गेली आहे. आता चिखलणीला पॉवर टिलर आला, बैलाची गरज कमी झाली, आणि दुधासाठी होल्स्टीन किंवा जर्सीचे रेतन करून घेण्याकडे ओढा वाढला. दुधाची गरज कोणी नाकारत नाही. पण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या डोंगरात निम्म्याहून जास्त परदेशी रक्ताची गाय उभी करायची आणि मग तिच्यासाठी औषधांचा खर्च करत बसायचे, याला पैदास धोरण म्हणता येणार नाही. कोकण कपिला ही आपल्या किनारपट्टीची गाय राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे जात म्हणून नोंदली गेली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु नोंदणी झाली म्हणून जात आपोआप सुधारत नाही, आणि तिच्यातील कोणते वळू राखायचे हे कोणी ठरवलेले नाही.

याच ठिकाणी एक सावधगिरीही नोंदवतो, कारण देशी गाईच्या नावाने बोलणाऱ्या काही मंडळींचा सूर मला पटत नाही. देशी जनावर म्हणजे रोगमुक्त जनावर, असे नाही. 2022 मध्ये राजस्थानात लम्पीने जी जनावरे मेली त्यांत देशी गाईंची संख्या फार मोठी होती. प्रतिकार हा प्रत्येक रोगापुरता वेगळा असतो. गोचिडाला दाद न देणारी गाय घटसर्पाला बळी पडू शकते. शिवाय रोग अंगात वाढूच न देणे आणि रोग वाढला तरी तो सोसणे या दोन वेगवेगळ्या क्षमता आहेत. एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना थायलेरियाची, म्हणजे गोचीडताप आणणाऱ्या एका परजीवीची, लागण करून पाहिली, तेव्हा दोन्हींच्या शरीरात परजीवी वाढला, पण साहिवाल वासरांमध्ये ताप आणि दाह पुष्कळ कमी राहिला आणि ती सावरली. गोचीडतापाच्या बाबतीत असे सोसणारे जनावर हवेच आहे. पश्चिम आफ्रिकेतील एनदामा ही लहानखुरी गुरे रक्तातील परजीवीचा रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीच्या पट्ट्यात टिकली तीही याच बळावर. पण सांसर्गिक गर्भपात किंवा लाळ्या-खुरकूत यांसारख्या रोगांत, आजारी न दिसता रोग पसरवत राहणारे जनावर शेजारच्या गोठ्याला घातक ठरते. तेव्हा कोणत्या रोगासाठी पैदास करायची आणि कोणत्या रोगासाठी लस व तपासणीवरच भर द्यायचा, हे आधी ठरवावे लागेल. लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या रोगांसाठी 2019 पासून केंद्राचा लसीकरण कार्यक्रम चालू आहे, तो तसाच नेटाने चालावा. पैदाशीसाठी माझ्या मते गोचीड व गोचीडताप, कासदाह आणि वासरांची मरतूक एवढे तीनच विषय पहिल्या दहा वर्षांसाठी पुरेसे आहेत.

कासदाहाबद्दल नॉर्वेचे उदाहरण द्यावे लागेल. तिथे 1975 पासून प्रत्येक गाईचे आरोग्यपत्रक ठेवले जाते आणि डॉक्टरने केलेला प्रत्येक उपचार त्यावर लिहिला जातो. 1978 पासून वळूंच्या निवडीत कासदाहाचा विचार सुरू झाला. कासदाहाचा वारसा फार कमी असतो, दहा टक्क्यांच्याही आत, म्हणून जगभर हा गुण पैदाशीने सुधारणार नाही असे मानले जात होते. नॉर्वेने एकेका वळूच्या शेकडो मुलींच्या नोंदी गोळा करून ती अडचण ओलांडली आणि दूध वाढवत असतानाच कासदाह कमी करून दाखवला. तेव्हा तिथे जनुकीय चिप नव्हती. गाईमागे एक पुठ्ठ्याचा कागद होता आणि तो भरणारा डॉक्टर होता. ब्रिटनने 2016 मध्ये क्षयरोगाला कमी बळी पडणाऱ्या मुली देणाऱ्या वळूंचा निर्देशांक प्रसिद्ध केला, तोही देशभर वर्षानुवर्षे झालेल्या क्षय तपासणीच्या नोंदींतूनच. तपासणी रोगनियंत्रणासाठी झालेली होती. पैदाशीसाठी तिचा दुसरा उपयोग करून घेतला गेला.

आपल्याकडे यासाठी लागणारा पाया बऱ्याच अंशी घातलेला आहे, म्हणूनच हे पत्र लिहिण्याचा उत्साह आहे. बारा अंकी बिल्ला जनावरांच्या कानात आला आहे, 2024 पासून त्याशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही, आणि लसीकरण व रेतन त्या क्रमांकावर नोंदले जाते. 1962 वर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी येते. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्याच वाशीमला गाईंसाठीच्या जनुकीय चिपचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. परंतु चिप जनावराची जनुके वाचते. त्या जनुकांचे जनावर पावसाळ्यात तगले की नाही हे तिला कोणीतरी सांगावे लागते. हजारो जनावरांच्या खऱ्या आजारांच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय त्या वाचनाला अर्थ येत नाही, आणि त्या नोंदी परदेशातून विकत आणता येत नाहीत, कारण तिथले रोग, तिथला पाऊस आणि तिथले गोचीड वेगळे आहेत.

वीर्य केंद्रांवर वळूंच्या क्षय, जोन्स रोग, सांसर्गिक गर्भपात इत्यादी तपासण्या काटेकोरपणे होतात, आणि होल्स्टीन वळूंच्या काही आनुवंशिक दोषांच्याही होतात. त्या दोषांपैकी एकात वासराच्या पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोहोचूच शकत नाहीत आणि ते साध्या संसर्गाने मरते. अमेरिकेतील एका नावाजलेल्या वळूच्या रक्तातून तो दोष जगभरच्या होल्स्टीनमध्ये पसरला होता, कारण सगळ्यांनी त्याच्या वंशाचे दूध पाहिले आणि वासरांची मरतूक उशिरा पाहिली. आता ती तपासणी आहे, ठीक. पण वळू स्वतः रोगमुक्त असणे आणि त्याच्या मुली रोगाला पुरून उरणाऱ्या असणे या अगदी निराळ्या बाबी आहेत, आणि रेतमात्रेच्या कांडीबरोबर पशुपालकाला मिळणारी माहिती फक्त पहिल्या बाबीपुरती असते.

तेव्हा मागणी काय, ती स्पष्ट लिहितो. सरकारी दवाखाना, फिरते पथक किंवा खाजगी सेवादाता, कोणीही उपचार केला तरी जनावराच्या बिल्ल्यावर आजाराचे नाव, तारीख आणि परिणाम एवढ्या तीन गोष्टी नोंदल्या जाव्यात, आणि वासरू मेले तर तेही. हे काम फुकट होणार नाही. पशुधन पर्यवेक्षकाकडे आधीच लसीकरण, रेतन, सर्वेक्षण आणि निवडणुकीची कामे आहेत. त्याच्यावर आणखी एक रकाना लादला तर तो रकाना घरी बसून भरला जाईल, हे आपण सगळे जाणतो. म्हणून प्रत्येक पूर्ण नोंदीला थोडा मोबदला असावा आणि त्यातल्या काही नोंदींची अचानक फेरतपासणी व्हावी. पशुपालकाच्या बाजूनेही एक अडचण आहे जी कागदावर येत नाही. गाईला कासदाह झाल्याची नोंद राहिली तर बाजारात तिची किंमत पडेल, या भीतीने तो आजार लपवील. त्यामुळे एकेका जनावराची आजाराची माहिती विक्रीच्या वेळी कोणालाही दिसू नये. ती फक्त वळूच्या मूल्यमापनासाठी वापरली जाईल, अशी लेखी हमी विभागाने द्यावी. सांसर्गिक रोगांना ही सवलत अर्थातच लागू नसावी.

डांगीच्या मुलखात कृत्रिम रेतन पोहोचते थोडे. पैदास होते ती रानात कळपाबरोबर फिरणाऱ्या वळूकडून. तिथे वळूंचीच यादी करावी लागेल. गावागावातले वळू कोणते, त्यांचे वय काय, त्यांच्या आणि त्यांच्या वासरांच्या अंगावर पावसाळा संपताना किती गोचीड असतात, हे भाद्रपद-आश्विनात एकदा मोजावे. मोजणीआधी काही आठवडे फवारणी करू नये, नाहीतर औषधाची मोजणी होईल, जनावराची नाही. जे वळू गोचिडांनी भरलेले दिसतील त्यांचे खच्चीकरण करून त्यांना बैल म्हणून कामाला लावावे आणि चांगल्यांची एका गावातून दुसऱ्या गावात फिरवणूक करावी, म्हणजे रक्तसंबंधातली पैदासही टळेल. राज्यातला डांगीचा मुलूख ठाणे, पालघर, नाशिक आणि अहिल्यानगर अशा चार जिल्ह्यांत विभागलेला आहे. चार जिल्ह्यांच्या चार याद्या झाल्या तर त्यांचा उपयोग नाही. म्हसा यात्रेत जशी जनावरे जिल्ह्याची हद्द न विचारता येतात, तशी ही यादीही एकच असावी.

ठाणे, भिवंडी आणि कल्याणच्या तबेल्यांचा प्रश्न निराळा आहे आणि त्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. इथे एवढेच नमूद करतो. बाहेरून आणलेली मुऱ्हा, मेहसाणा किंवा जाफराबादी म्हैस या दमट हवेत, दाटीवाटीत, कासदाह न होता वेतभर दूध देते. आणि ती आटली की बहुतेकदा विकली जाते. तिची पारडी आणि रेडकू त्याआधीच दुर्लक्षाने मेलेली असतात. म्हणजे तबेल्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या म्हशींचाच वंश आपण दरवर्षी संपवतो. राज्यात सुमारे 56 लाख म्हशी असताना आणि मांसाच्या निर्यातीचा भार म्हशीवर असताना, नर रेडकांच्या संगोपनाला आणि त्यातून निवडलेल्या रेड्यांच्या वापराला कोणतीही ठोस योजना तबेल्यापर्यंत पोहोचलेली मला दिसत नाही.

दूध कमी होईल ही भीती रास्त आहे. केवळ गोचिडांवर निवड केली तर ते होऊही शकेल. म्हणून कोणी रोगप्रतिकार हा एकच निकष ठेवा म्हणत नाही. दूध, प्रजनन आणि आरोग्य यांना ठरावीक भार देऊन वळूचा एकत्रित निर्देशांक काढावा, आणि डोंगरी व किनारी तालुक्यांसाठी त्यात आरोग्याचा भार पश्चिम महाराष्ट्रापेक्षा जास्त असावा. फळ दिसायला वेळ लागेल. आज निवडलेल्या वळूच्या मुली विऊन त्यांच्या नोंदी हाती यायला पाच-सहा वर्षे जातात. मधल्या काळात आणखी एखादी साथ येईल आणि सगळे बळ पुन्हा लसीकडे वळेल. त्या वेळी निदान पंचनाम्याच्या नमुन्यात जनावराच्या बापाचा क्रमांक लिहिण्याचा एक रकाना आधीच छापलेला असावा.

येत्या पावसाळ्याअखेर शहापूर तालुक्यात डांगी जनावरांची अशी पहिली मोजणी करण्याचे विभागाने ठरवल्यास आमच्या आणि आसपासच्या पशुपालकांच्या गोठ्यांतील जनावरे त्यासाठी उपलब्ध करून देण्याची आमची तयारी आहे. जनावरे धरण्यासाठी माणसे आम्ही देऊ. मोजणी शिकवण्यासाठी एक पशुवैद्यक आणि नोंदींसाठी एक जबाबदार कर्मचारी विभागाने द्यावा. या प्रस्तावावर आपले उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, ते लेखी मिळावे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक पशुपालक
कळवा, जिल्हा ठाणे